आधी सोय, मग बोर्ड

आमच्या बाईंना माणसांचा कंटाळा होता असं कुणी म्हणू नये. त्यांना कंटाळा होता तो फ्लेक्सवरच्या माणसांचा.

शाहूपुरीत एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांचं डिझाइनचं दुकान होतं आणि खाली छपाईचं मशीन. कोल्हापुरात असं दुकान थाटायचं आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सला नाकं मुरडायची, म्हणजे गुऱ्हाळ काढून उसाला नावं ठेवण्यातला प्रकार. पोरं मोबाईलमध्ये ढीगभर फोटो घेऊन यायची. मधोमध ज्याचा वाढदिवस तो, डोक्यावर नेतेमंडळी, पायाशी शुभेच्छुक, आणि चुकून जागा उरलीच तर तिथं वाघ. बाई चष्मा कपाळावर सरकवून ते सगळं लांबून न्याहाळायच्या आणि शांतपणे विचारायच्या, "ह्यातला जन्माला कोण आलाय?"

पोरं खो खो हसायची. बाईंना मात्र खरोखरच उत्तर हवं असायचं.

दुकान काढण्याआधी त्या कॉलेजात जाहिरातकला शिकवायच्या, म्हणून सगळ्या गावाच्या त्या "बाई". नोकरी सुटली तरी शिकवायची खोड सुटली नव्हती. पण कॉलेजातल्या बाई म्हणून कुणी तुपाळ बोलणं ऐकायला जाईल तर फसेल. बोलणं अस्सल इथलं, "मी येतो, मी जातो, मी त्येला सांगतो की" असं, आणि आवाज असा की खाली मशीनवर काही सांगायचं तर फोनची गरज पडत नसे. मी त्यांच्याकडे डिझाइनच्या कामाला, उचगावहून स्कूटीवर यायचे. जिना चढायच्या आधीच मला कळायचं की आज कुणाची हजेरी चालू आहे. बहुतेक वेळा ती माझीच असायची, फक्त मी पोचायच्या आधी सुरू झालेली असायची.

एकदा डोळे तपासणी शिबिराचं पत्रक मी मोठ्या हौसेनं केलं. बारीक, नाजूक अक्षरं, फिकट निळ्यावर पांढरी. मला वाटलं, बाई आज तरी शाबासकी देणार. त्यांनी ते हातात घेतलं आणि थेट खाली चहाच्या गाड्यावर गेल्या. मी मागोमाग. तिथं टोमॅटोची पाटी उतरवून एक म्हातारी चहा पीत होती. बाईंनी पत्रक तिच्यापुढं धरलं, तिचा एक घोट होईपर्यंत ठेवलं आणि पाठीमागं लपवलं.

"काय कळलं, मावशी?"

"साडीचं दुकान निघालंय नव्हं?" म्हातारी म्हणाली.

बाई माझ्याकडे वळल्या. "ज्येचं डोळं झ्याक हाईत त्येलाच हे वाचता येतंय. त्येला शिबिरात बोलावून काय करायचं, आरती ओवाळायची?"

हे "काय कळलं" त्यांनी पोस्टमनला विचारलाय, वीजबिलवाल्याला विचारलाय, समोरच्या दवाखान्यातून तोंड सुजवून बाहेर पडलेल्या पेशंटलासुद्धा विचारलाय. उत्तर चुकलं तरी त्या माणसाला त्या कधी बोलल्या नाहीत. "त्येची काय चूक? तुझं सांगणं गंडलंय," हे मला. राग यायचा मला. कोर्स करून आलेली, पुरस्कार मिळालेली मुलगी मी, आणि माझं काम टोमॅटोवाली तपासणार! पण दुसऱ्यांदा जाड, काळ्या अक्षरांत केलेलं पत्रक त्याच म्हातारीनं अर्धा घोट घ्यायच्या आत वाचलं आणि "कवा हाय म्हनलासा?" असं विचारून शिबिराला गेली, तेव्हा माझा राग जरा गिळला गेला.

या वेडापायी बाई कुठंही सुखानं बसू शकत नसत. एका लग्नात त्या जरीची साडी नेसून आल्या आणि अक्षता पडायच्या वेळी गायब. शोधायला गेले तर मंगल कार्यालयाच्या मागच्या बाजूला उभ्या. तिथल्या स्वच्छतागृहांवर कुण्या कलावंतानं एका दारावर वेलबुट्टीची कुयरी आणि दुसऱ्यावर तशीच वेलबुट्टीची काहीतरी पगडी काढली होती, आणि लांबून दोन्ही सारखीच दिसत होती. बाई हात हलवत होत्या, "ओ पावणं, हिकडं न्हवं! पलीकडं! काकू, तुम्ही या." मी म्हटलं, बाई, लग्न लागलं. त्या म्हणाल्या, "लागू दे. हितं लई लोकांची अब्रू अडकलीया."

आता माझ्या लग्नपत्रिकेबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरून सुरू झालं. पत्रिका बाईंनीच केली, भेट म्हणून. "आमचे येथे" उडालं, कुलदैवतं एका ओळीत आली, निमंत्रकांची फौज घरी गेली. राहिलं काय? आम्हा दोघांची नावं, तारीख, कार्यालयाला जायचा नकाशा, आणि भल्या मोठ्या अक्षरांत "जेवण साडेबारा वाजता". ती पत्रिका इतकी सोपी होती की सगळे पाहुणे बरोब्बर सव्वाबाराला आले. आणि इतकी सोपी होती की तिच्यात माझ्या मामाचं नाव नव्हतं.

मामा पंचगंगेच्या काठाला राहतो. काठाच्या गल्लीतलं शेवटचं घर, घराला लागून गोठा, गोठ्यात म्हशी. मामी गेल्यापासून म्हशी हेच त्याचं गणगोत. पत्रिका हातात घेऊन तो आमच्या दारात उभा राहिला. "मामाचं नाव न्हाय? मग पोरीच्या पाठीमागं कोन हुबा ऱ्हानार? तुमची ती बाई?"

आईनं पाय धरायचं तेवढं बाकी ठेवलं. मामा लग्नाला आला, पाठीमागं उभाही राहिला, पण बाईंशी बोलला नाही. पुढं कित्येक वर्षं तो त्यांचं नाव काढलं की गोठ्यातल्या म्हशीकडं बघायचा. बाईंना ही गोष्ट मी सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "पत्रिका म्हणजे काय मतदारयादी हाय व्हय?" पण म्हणताना त्यांनी चष्मा दोनदा पुसला. दोघंही हट्टी. मधल्या मधे मी.

काठावरच्या लोकांना पूर नवा नाही. पण मागच्या मोठ्या पुरात मामा मरता मरता वाचला. तालमीच्या मंडळानं तेव्हा गल्लीच्या तोंडाला सावधानतेचा फ्लेक्स लावला होता. वरती देव, खाली अध्यक्ष, कार्याध्यक्ष, आधारस्तंभ, सगळे हात जोडलेले, आणि त्यांच्या मधल्या फटीत सूचना. मामा त्या फ्लेक्सखालून वैरणीचे भारे घेऊन दोन दिवस ये-जा करत होता. नंतर मी विचारलं तर म्हणाला, "मला वाटलं कुनाचा तरी वाढदिवस हाय. गल्लीत रोजच आस्तोय कुनाचातरी." तिसऱ्या दिवशी त्याला बोटीनं काढला. एक म्हैस गेली. तिचं नाव त्यानं परत कधी घेतलं नाही.

त्यानंतर दोन-तीन पावसाळे बरे गेले. मग एका साली आषाढातच नदी पात्राबाहेर आली. मामाला फोन केला. तो म्हणाला, "म्हशी सोडून मी हलत न्हाय. मागच्या येळी हललो, एक गेली. आता मला बोटीत घालाय आला त्येलाच पान्यात ढकलतो." हे तो उगीच बोलत नव्हता. मला त्याचा आवाज कळतो. आजवर एवढी भीती मला कशाची वाटली नाही.

त्याच सकाळी तालमीचा अध्यक्ष दुकानात आला. पस्तिशीचा, अंगानं पैलवान, मनानं चांगला, पण बोलायला लागला की तोंडातून नोटीस बाहेर पडायची. त्यानं मोबाईलमधला मजकूर वाचून दाखवला. "सर्व नागरिकांना कळविण्यात येते की संभाव्य पूरपरिस्थिती लक्षात घेता सखल भागातील रहिवाशांनी तात्काळ सुरक्षित स्थळी स्थलांतरित व्हावे. बाई, खाली आमचे समदे फोटो."

"फोटो न्हाईत," बाई म्हणाल्या. "आन् हे वाचून हुईस्तोवर माणूस बुडंल."

त्यांनी स्वतः बसून बोर्ड केला. पिवळा धमक, त्यावर काळी अक्षरं. "नदी चढतीय. आजच घर सोडा." बस्स. एक चेहरा नाही, एक नाव नाही. अध्यक्षाचा चेहरा पडला पण तो घेऊन गेला. बाई खुशीत होत्या. मलाही वाटलं, याहून स्पष्ट काय असणार?

दुपारी मामाला फोन केला. "बोर्ड बघितलास?"

"बगितला की. त्यो बिल्डरचा."

"कुठल्या बिल्डरचा?"

"आजच घर सोडा म्हनतोय. उद्या खाली नाव येतंय बग कंपनीचं, फ्लॅट घ्या म्हनून. आशीच करत्यात ती. पयल्या दिवशी कोडं घालायचं, दुसऱ्या दिवशी नाव. समदी गल्ली हसतीया."

मी हे बाईंना सांगितलं. मला वाटलं, आता इमारत हलणार. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, परत घातला आणि छत्री उचलली.

"चल. तुझ्या मामाकडं."

"बाई, तो तुमच्याशी बोलत नाही."

"म्हणूनच. बोलणाऱ्यांनी मला आजवर काय शिकवलं न्हाय."

आम्ही गेलो तेव्हा गल्लीच्या खालच्या टोकाला पाणी दिसत होतं, गढूळ, शांत, जणू त्याला कसली घाई नाही. मामा गोठ्यात शेण काढत होता. बाईंना बघून त्यानं पाठ फिरवली. बाईंनी एक बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसल्या, त्या चिखलात, इस्त्रीच्या साडीत.

"कुठं जायाचं ठरवलंसा?" बाईंनी विचारलं.

मामा म्हशीच्या कानाला तोंड लावून म्हणाला, "सांग गं चंद्रे त्यास्नी, कुठं जायाचं? शाळंत? शाळंत तुला वर्गात घेनार हाईत व्हय?"

बाईंनी चंद्रीकडंच बघून विचारलं, "बरं, मग काय काय लागंल तुला?"

मला हसू येत होतं आणि रडूही. दोन म्हातारी माणसं, मधे एक म्हैस, आणि दारात नदी. पण असं म्हशीमार्फत हळूहळू सगळं बाहेर आलं. कोरडी जागा पाहिजे. बांधायला खुंट पाहिजे, आणि दुसऱ्याच्या म्हशींपासून लांब, नाहीतर झुंजतात. वैरण पाहिजे. पाणी पाहिजे. आणि धार काढायला धन्याला तिथंच राहू दिलं पाहिजे, कारण परक्याच्या हाताला चंद्री पान्हवत नाही. शेवटी मामा म्हशीला सोडून सरळ बाईंकडे वळला. "मानूस कुठंबी पडतंय ओ. आमी गल्लीतली समदी म्हशींपायीच बसल्याव. घर कोन धरून बसलंय?"

बाई उठल्या. जिथं जिथं त्या गेल्या तिथं त्यांनी लोकांना "काय कळलं" विचारलं होतं. "काय पायजे" त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, असं मला वाटतं.

परत आल्याबरोबर त्यांनी अध्यक्षाला बोलावून घेतलं. "सुरक्षित स्थळ म्हणालतास. कुठलं?"

"म्हंजे... ज्येनं त्येनं आपापल्या सोयीनं..."

"म्हशी कुठं न्यायच्या?"

"त्ये बोर्डावर कशाला, बाई? बोर्ड लावूया, सोय मागनं बघू."

"आधी सोय," बाई गरजल्या, "मग बोर्ड. जे न्हाय ते मी छापत न्हाय. तसला बोर्ड पायजे आसंल तर गावात लई दुकानं हाईत."

अध्यक्ष तणतणत जिना उतरला. मला वाटलं, गेला हा, दुसऱ्या दुकानात एक तासात त्याच्या फोटोंसकट बोर्ड होऊन येईल. मी बाईंवर ओरडले. आयुष्यात एकदाच. म्हटलं, तिकडं पाणी वाढतंय आणि तुम्ही तत्त्वं काय सांगताय? माझा मामा आहे तिथं! बाई म्हणाल्या, "म्हणूनच. बोर्ड वाचून तुझा मामा भाईर आला आन् वर काय न्हाय म्हणून म्हशी घिऊन परत खाली गेला, तर पुढच्या बोर्डाला त्यो हुंगणार तरी हाय का?"

बाईंचं उत्तर बरोबर होतं. पण भीती काय उत्तरानं जाते?

अध्यक्ष दुसऱ्या दुकानात गेला नाही. याबद्दल मी त्याला जन्मभर मानेन. दुपार कलायच्या आत तो परत आला, गुडघ्यापर्यंत चिखल. गुळाचा हंगाम नव्हता, वरच्या अंगाला असलेल्या गुळाच्या वखारी रिकाम्या पडल्या होत्या. मालकाच्या हातापाया पडून त्यानं त्या उघडायला लावल्या. वैरण निघाली होती. टँकर सांगितला होता.

"खुंट?" बाईंनी विचारलं.

तो तसाच उलटपावली गेला. तालमीतली पोरं पहारी घेऊन खुंट ठोकायला लागली. बाई रिक्षा करून स्वतः बघून आल्या, एक खुंट हलवूनही बघितला. मग कॉम्प्युटरपुढं बसल्या आणि मला म्हणाल्या, "चंद्रीचा फोटो हाय का तुझ्याकडं? चांगल्यातला."

होता. दिवाळीच्या पाडव्याला इथं म्हशी सजवून मिरवतात, त्या दिवशीचा. शिंगं रंगवलेली, कपाळाला मोरपिसं, गळ्यात घुंगरू, अंग तेल लावून चमकतंय. बाईंनी ती अख्ख्या बोर्डभर घेतली. वर लिहिलं, "म्हशींची सोय झालीय." खाली, "गुळाच्या वखारीत चला. खुंट ठोकलेत, वैरण आलीय, पाणी आहे. धन्यानंही तिथंच राहायचं." मोठा बाण. आणि मग, माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना, त्यांनी कोपऱ्यात अध्यक्षाचा फोटो टाकला. शेजारी त्याचा फोन नंबर आणि दोन शब्द, "ह्याला विचारा."

"बाई, चेहरा?" मी म्हटलं.

"बिनचेहऱ्याचं कोण ऐकत न्हाय हितं, आज कळलं," त्या म्हणाल्या. "खोटं निघालं तर कुणाची कॉलर धरायची हे लोकांस्नी दिसाय पायजे."

अध्यक्षानं बोर्ड बघितला. "माझा फोटो येवढासा?"

"म्हशीपेक्षा मोठा करू? बघ, गल्ली काय म्हणंल."

तो हसला आणि छापून आलेले सगळे बोर्ड टेंपोत टाकायला लागला.

पुढचे दोन-तीन तास मी वखारीच्या फाटकात उभी होते. पहिल्यांदा कुणीच येईना. मग वळणावर एक म्हैस दिसली, मागं तिचा धनी डोक्यावर गठुळं घेऊन. मग रांगच लागली. म्हशी, रेडकं, बायका, कोंबड्यांच्या पाट्या, एक आजी खुर्चीसकट. प्रत्येकजण आत जाताना आधी खुंट हलवून बघत होता. अध्यक्षाचा फोन थांबत नव्हता आणि तो गल्लीतल्या आवाजात एकच सांगत होता, "व्हय, हाय. व्हय, खरंच हाय. या."

मामा मात्र दिसेना. फोन लागेना. येणारे सांगत होते की गल्लीत पाणी शिरलं. बाई माझ्याशेजारी उभ्या राहून येणाऱ्या प्रत्येक म्हशीकडं चष्मा वर-खाली करत बघत होत्या. मी म्हटलं, मी खाली जाते. त्यांनी माझा दंड धरला, घट्ट. सोडायलाच तयार नाहीत. तेव्हा मला कळलं की या बाईलाही भीती वाटते, आणि ती सकाळपासून वाटतेय.

आणि मग आला तो. चिखलानं माखलेला, पुढं चंद्री, मागं बाकीच्या. मी धावतच गेले. "कुठं होतास? फोन कुठंय तुझा?"

"आगं, चालू देत्यात व्हय लोकं!" मामा म्हणाला. "प्रत्येक बोर्डाखाली थांबवत्यात. फोटूतली ती हीच काय, हीच काय. पोरं हिच्यासंगट फोटू काढत बसल्यात. फोन पडला पान्यात. रडतीस कशाला? धारंची येळ टळलीया, भांडं बघ जा कुठं मिळतंय का."

मी हसत आणि रडत भांडं शोधत फिरले. कुणीतरी पातेलं दिलं. परत आले तोवर मामानं सगळ्यांना बांधलं होतं आणि बाई वैरणीच्या पेंढ्यांवर टेकून झोपल्या होत्या, तोंड उघडं, चष्मा कपाळावर, भोवती एवढं हंबरणं चालू असताना. मामानं धार काढली. पहिलं फेसाळ दूध पेल्यात ओतलं आणि माझ्या हातात दिलं.

"बाईस्नी. उठवू नगंस. उठल्या की दे."

तेवढ्यात शेजारच्या गल्लीतला एकजण मोबाईल घेऊन आला. त्यावर कुणीतरी छतावरून काढलेला व्हिडिओ होता. आमची गल्ली, म्हणजे नुसतं पाणी. मामाचं घर खिडकीपर्यंत बुडालं होतं. गोठ्याचा फक्त पत्रा वर दिसत होता. दुपारी बाई जिथं बसल्या होत्या तिथं आता माणसाच्या डोक्यावरून पाणी जात होतं. मामानं तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. परत लावायला सांगितला. परत बघितला. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते.

त्यानं मोबाईल परत दिला, हात धोतराला पुसले आणि पातेलं घेऊन पुढच्या म्हशीखाली बसला.

"घर काय," तो म्हणाला, "धुतलं की झालं."